निवांत कोड्यांच्या गेमला बाजार किती?

प्रश्न : रंगीत फरशा क्रमाने लावण्याचा एक मोबाइल गेम मी तयार केला आहे. त्यात वेळेचे बंधन नाही, गुणही नाहीत. खेळून मन शांत होते, असे मित्र म्हणतात. तेवढ्यावर तो बाजारात आणावा का?

उत्तर : मित्रांच्या भरवशावर आणू नये. गेम एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती द्यावा, काही न सांगता त्याचे बोट कोठे थबकते ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशी त्याने तो आपणहून उघडला का, याची नोंद ठेवावी. घड्याळ काढले म्हणजे निवांतपणा येतोच असे नाही. चाल मागे घेता येणे, चुकीला दंड नसणे आणि अडल्यावर थोडासा इशारा मिळणे हे अधिक महत्त्वाचे, कारण अडकून पडलेला खेळाडू शांत गेमवरही चिडतोच. आवाज बंद करूनही खेळून पाहावे. लोकलमध्ये बहुतेक जण तसाच खेळतील.

प्रश्न : गेमला किंमत ठेवावी की तो फुकट देऊन जाहिराती दाखवाव्यात?

उत्तर : लंडनच्या असटू गेम्सने २०१४ मध्ये आणलेल्या ‘मॉन्युमेंट व्हॅली’ या विकतच्या, निवांत कोड्यांच्या गेमचा हिशेब त्यांनी स्वतःच जाहीर केला होता, तो येथे उपयोगी पडेल. मूळ गेमला ५५ आठवडे आणि सुमारे ८ लाख ५२ हजार डॉलर लागले. जानेवारी २०१५ पर्यंत उत्पन्न ५८ लाख डॉलरच्या पुढे गेले. मात्र आयफोन-आयपॅडवर ज्यांच्याकडे हा गेम होता त्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांनीच पैसे मोजले होते, आणि अँड्रॉइडवर तर जेमतेम ५ टक्क्यांनी. आपल्याकडे बहुसंख्य फोन अँड्रॉइडचे असल्याने केवळ भारतातील विक्रीवर भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. उलट, प्रत्येक लेव्हलनंतर पडदाभर जाहिरात आली, तर जी शांतता आपण विकायला निघालो तीच नासते. पहिल्या काही लेव्हल मोफत, पुढच्या सर्व एकरकमी पैसे भरून, आणि जाहिरात केवळ खेळाडूने इशारा मागितल्यावर, अशी रचना मी सुचवीन. अंदाज बांधताना गूगल आणि ॲपलचे कमिशन आधीच वजा करावे. लहान निर्मात्यांसाठी ते साधारण १५ टक्के असते.

प्रश्न : कल्पना कोणी चोरली तर?

उत्तर : चोरतील. ‘थ्रीज’ हा अंकांचा गेम वर्षभराहून अधिक काळ घडवून फेब्रुवारी २०१४ मध्ये विक्रीस आला. पुढच्याच महिन्यात त्याच धर्तीचा ‘२०४८’ फुकट उपलब्ध झाला आणि अधिक गाजला. स्वामित्वहक्क चित्रांना, संगीताला व कोडला मिळतो, खेळाच्या नियमांना नव्हे.

प्रश्न : ‘तणाव कमी करतो’ असे जाहिरातीत लिहावे का?

उत्तर : पुरावा नसेल तर मुळीच लिहू नये. ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या व्यायामाच्या ॲपने स्मरणशक्तीविषयी केलेले दावे सिद्ध करण्याजोगा आधार कंपनीपाशी नाही, असा आक्षेप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने घेतला आणि २०१६ मध्ये कंपनीला २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवावे लागले. ‘सावकाश खेळायची कोडी’ एवढे म्हणायला कोणाची हरकत नसते.