बेकरी चालवणाऱ्या वडिलांच्या आठवणी लिहायच्या, तर काय लिहावे?

आपला प्रश्न असा आहे की, तालुक्याच्या गावात आयुष्यभर बेकरी चालवलेल्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला एक छोटी स्मरणपुस्तिका काढायची आहे, परंतु ‘कष्टाळू होते, कुटुंबवत्सल होते’ यापुढे काही सुचत नाही. माझे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, सासवडला बेकरी चालवत असत. मी पुण्यात वाढले, लग्नानंतर त्या घरात गेले आणि आता पुन्हा पुण्यात राहते. घरातल्यांना जे नित्याचे वाटे ते मला नवे होते, त्यामुळे ते माझ्या चांगले लक्षात राहिले. माझे मत असे की, वडिलांचा दिवस लिहा आणि तो भट्टीच्या क्रमाने लिहा. बेकरीवाल्याचे घर त्या क्रमाभोवतीच उभे असते.

लाकडावरची विटांची भट्टी एकदा तापली की विटांत साठलेली उष्णता हळूहळू उतरत जाते, आणि त्या उतरणीवर सारा माल बसवावा लागतो. सर्वांत कडक आचेवर लादीपाव, ती थोडी नरमली की ब्रेड आणि खारी, त्यानंतर नानकटाई व बिस्किटे, आणि अखेरीस उरलेल्या मंद उष्णतेत ब्रेडचे काप रात्रभर वाळवून केलेले टोस्ट. पहाटेचा पाव चहाच्या टपऱ्यांवर वेळेत पोचायचा, तर पीठ आदल्या रात्रीच भिजवावे लागते. थंडीत खमीर सावकाश फुगते म्हणून ते आणखी लवकर, आणि उन्हाळ्यात ते आंबून जाऊ नये म्हणून थंड पाण्यात. मीठ मैद्याच्या वजनाच्या साधारण दोन टक्के असते, आणि कमी पडले तर चव जातेच, शिवाय खमीरही अनावर होते. अण्णा तराजू वापरत असत, पण भट्टीचा अंदाज मात्र आत मैद्याची चिमूट टाकून, ती किती वेळात तांबूस होते यावरून घेत. आपल्या वडिलांची अशी पारख कोणती होती, ती आधी लिहून काढा. ती त्यांच्याबरोबर जाते आणि नंतर कोणालाही सांगता येत नाही.

या क्रमाने घराचे काय केले तेही लिहावे. अण्णा मध्यरात्रीनंतर उठत आणि दुपारी झोपत, त्यामुळे आमच्याकडे दुपारी रेडिओ लावला जात नसे आणि मुले अंगणातही हळू बोलत. संध्याकाळची लग्ने, स्नेहसंमेलने, नाटके त्यांना जवळजवळ कधी लाभली नाहीत. माझ्या यजमानांच्या शाळेतल्या बक्षीस समारंभांना ते आले नाहीत, पण सकाळी प्रगतिपुस्तकावर सही करताना त्यातला प्रत्येक विषय विचारून घेत, आणि मैद्याचे हात आधी पुसून मगच ते पुस्तक हातात धरत. बाप घरी नसण्याची ही बाजू झाकू नका, कारण घर चालावे म्हणूनच तो घरात नसे, आणि मुलांना त्या वयात दिसत असे ते फक्त त्याचे नसणे.

दिवाळीच्या आधीचा आठवडा तर सविस्तर लिहावाच. गावातल्या बायका घरचा रवा, मैदा, तूप आणि पिठीसाखर डब्यांतून घेऊन येत आणि नानकटाई बेकरीतून भाजून नेत. कोणाचे तूप कोणाच्या पत्र्यात जाऊ नये म्हणून अण्णा प्रत्येक पत्र्यावर खडूने नाव घालत. भाजणावळ ठरलेली असे, ती न देऊ शकणाऱ्या घरचा पत्राही त्याच रांगेत आपल्या क्रमाने आत जाई, आणि आमच्या घरची नानकटाई सर्वांत शेवटी होई. सासवड हे सोपानकाकांच्या समाधीचे गाव असल्याने माळकरी घरे पुष्कळ. त्यांच्यासाठी अंड्याशिवायचा केक वेगळ्या भांड्यांत होत असे, आणि भांडी निराळी ठेवली आहेत असे अण्णांनी सांगितले की कोणी पुन्हा विचारत नसे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवे घाट चढून मुक्कामाला आली की भट्टी थंडच होत नसे, कारण खारी आणि टोस्ट वाटेत टिकतात आणि दिंड्या ते पिशव्या भरभरून नेत.

खोकल्याविषयीही लिहा, असा माझा आग्रह आहे. मैद्याच्या धुळीने भट्टीवाल्यांना दमा जडतो हे वैद्यकाला जुनेच ठाऊक आहे. कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणारे इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० सालीच बेकरीवाल्यांच्या या त्रासाची नोंद केली होती. तरीही आमच्याकडे अण्णांचा खोकला वर्षानुवर्षे हवामानावर ढकलला गेला, आणि तोंडाला रुमाल बांधण्यापलीकडे कोणताही उपाय झाला नाही. वडिलांनाही असे काही झाले असेल, तर ते कारणासह लिहावे, म्हणजे आज या धंद्यात उतरणारी मुले तरी मुखपट्टी आणि हवा खेळती ठेवण्याचा विचार करतील.

साहित्यासाठी उधारीची वही, मैद्याची बिले आणि कारागीर, या तिन्हींकडे जा. पुण्याच्या परिसरातील बेकऱ्यांत उत्तर प्रदेशातून आलेले अनेक कारागीर आहेत. जे आपल्या वडिलांच्या हाताखाली राहिले त्यांना फोन करा, कारण रात्री दोन वाजताचा आपला बाप त्यांनी पाहिला आहे, आपण पाहिलेला नाही. आणि आईला विचारल्याशिवाय एकही पान छापू नका. आमच्या सासूबाई गल्ल्यावर बसत, टोस्टची पाकिटे भरत, उधारीचा हिशेब तोंडपाठ ठेवत आणि अण्णा झोपलेले असताना व्यापाऱ्यांशी भावही त्याच करत. तरीही दुकानाच्या पाटीवर नाव एकाचेच होते. आपल्याकडेही तसेच असेल, तर पुस्तिकेत तरी दोघांची नावे शेजारीशेजारी घाला.