फायबर ग्लासच्या शीटने गोळी अडते का? किती जाडी लागते?

अडते. जाडीचं शेवटी सांगतो. तुम्ही प्रश्नाखाली जोडलंय, ‘गोळी लागल्यावर थर सुटून पांढरा डाग पडतो, म्हणजे माल कच्चाच ना?’ मी लिहायला बसलोय ते त्या वाक्यासाठी. हेच वाक्य मी समोरासमोर ऐकलंय आणि त्यापायी एक ऑर्डर गेलीय.

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं एफआरपीचं, म्हणजे काचेचे धागे रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रावात बसवून वस्तू बनवायचं काम आहे. टाक्या, कव्हरं, डक्ट, हे नेहमीचं. एकदा कॅश व्हॅनच्या दारात बसवायच्या पॅनलची चौकशी आली. मी वोव्हन रोव्हिंगचे, म्हणजे काचेच्या जाड विणीच्या कापडाचे थर हॉट प्रेसखाली दाबले आणि रेझिन वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढं ठेवलं. पार्टीच्या परचेसवाल्या साहेबांना माल कोरडा वाटला. त्यांनी दुसरीकडून तेवढ्याच वजनाचा, रेझिनने भरलेला चकाचक नमुना आणला आणि दोन्ही टेस्टला पाठवले. गोळी ९ एमएमची, पिस्तुलाची. आमच्या पॅनलने ती आत धरून ठेवली. मागची बाजू फुगली, तळहाताएवढा पांढरा चट्टा पडला. दुसऱ्याला चट्टा अगदी छोटा, फुगवटा नाहीच, आणि गोळी आरपार! तरी साहेब आमच्या चट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, “अडवली ते ठीक आहे हो, पण बाँडिंग कुठंय? रेझिन वाढवा, थर सुटता कामा नयेत.” मी नाही म्हणालो. ऑर्डर गेली. आजही नाहीच म्हणेन.

हिशोब बघा. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटरने आली तर ६४० ज्यूल होतात. ही ऊर्जा कुठेतरी खर्ची पडायला हवी. पुढचे थर चिरडतात, कापले जातात आणि तिथे गोळीचं नाक चपटं होतं. मग मागच्या थरांची पाळी. काचेच्या धाग्यात ताण सेकंदाला ५ किलोमीटरच्या आसपास पळतो, म्हणजे गोळीच्या कितीतरी पुढे. थर एकमेकांपासून सुटले की मागचा प्रत्येक थर लांबपर्यंत ताणला जातो आणि शंकू होऊन बाहेर येतो. चौघांनी चादर धरलीय आणि वरून नारळ पडतोय असं समजा. तीच चादर फळीला चिकटवली तर फक्त नारळाखालचं कापड मार खाणार. काचेचा धागा तुटण्याआधी चार टक्क्यांहून जास्त ताणला जातो. तेवढी मोकळीक त्याला मिळालीच पाहिजे. रेझिनमध्ये जखडलात तर तो जागच्या जागी कापला जातो आणि गोळी गोल तुकडा पाडून निघून जाते.

टेस्टमध्ये पॅनल कसं दिसतं याला किंमत नसते. मागे अर्ध्या मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा लावतात. त्यातून उजेड दिसला की नापास. सातपूर-अंबडच्या नव्या पोरांनो, कुणी चट्टा दाखवून भाव पाडायला लागला तर आधी तो पत्रा मागवा. आणि ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने डोरॉन नावाची काचेच्या कापडाची प्लेट काढली होती. १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत काही सैनिकांच्या जॅकेटात ती होती.

थर घट्ट हवेत ते टाकीला आणि बोटीला. तिथे साहेबांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

आता जाडी. कोणती गोळी, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. नीट दाबलेलं पॅनल ९ एमएमला साधारण ६ ते ८ मिलिमीटर लागतं, .४४ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या जोरदार गोळीला १२ च्या आसपास. रायफलचा हिशोब वेगळा. स्टीलच्या गाभ्याची गोळी असेल तर पुढे सिरॅमिक हवंच, नुसत्या फायबर ग्लासवर विसंबू नका. एस-ग्लास हा जास्त मजबूत काचेचा धागा नेहमीच्या ई-ग्लासपेक्षा सरस, पण महाग. चॉप स्ट्रँड मॅट, म्हणजे तुकडे केलेल्या धाग्यांची चटई, हाताने रोलर मारून चढवली तर तिच्यात ७० टक्के रेझिनच असतं, तो माल या कामाचा नाही. चट्टा पडलेल्या जागी दुसरी गोळी अडेल ही आशाही नको. दोन गोळ्यांत किती अंतर धरलंय ते रिपोर्टमध्ये वाचा. कुणाचंही पॅनल असो, माझंसुद्धा, टेस्ट झाल्याशिवाय बसवू नका. आणि दोन शीट जिथे जुळतात तिथे मागून त्याच मालाची रुंद पट्टी लावा, नाहीतर फटीपाशी अडवायला काहीच उरत नाही.