सिग्नलचा वर्ग केल्यावर घड्याळ कुठून येतं?

प्रश्न : सर, रिसीव्हरकडे ट्रान्समीटरचं घड्याळ नसतं. सिग्नलच्या स्पेक्ट्रममध्ये (वारंवारतांच्या आलेखात) सिम्बॉल-रेटवर, म्हणजे सेकंदाला जितके सिम्बॉल (डेटाचे घटक) येतात त्या वारंवारतेवर, काहीच दिसत नाही, पण सिग्नलचा वर्ग केला की तिथे रेघ उभी राहते. ती कुठून येते?
– एक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : फार चांगलं विचारलंत. डेटा +१, −१ असा यादृच्छिक असतो. सरासरी शून्य, म्हणून रेघ नाही. वर्गाने चिन्ह पुसलं जातं, आणि उरते दर सिम्बॉलला वरखाली होणारी ऊर्जा. तिची सरासरी आवर्ती असते, आणि जे आवर्ती त्याला फूरिएच्या हिशेबात रेघ असतेच. रेघेची फेज (आवर्तनातली तिची जागा, कोनात) म्हणजेच तुमचं घड्याळ आणि येणारे सिम्बॉल यांच्यातला वेळेचा फरक.

हा फरक मोजण्याची, ओर्डर आणि मायर या संशोधकांनी 1988 मध्ये मांडलेली रीत मी मुलांकडून हातानेच करून घेतो. सिम्बॉलला 4 सॅम्पल घ्या, प्रत्येकाचा वर्ग करा, पुष्कळ सिम्बॉलवर जागेनुसार बेरीज करा, म्हणजे सगळ्या पहिल्यांची एक, सगळ्या दुसऱ्यांची एक, अशा चार. पहिल्यातून तिसरी बेरीज वजा केली की रेघेच्या संमिश्र संख्येचा वास्तव भाग, चौथीतून दुसरी वजा केली की काल्पनिक. त्या संख्येचा कोन काढा, तीच फेज, झालं! फूरिएसाठी एकही गुणाकार नाही, हे सौंदर्य मला आजही भावतं.

मात्र रोल-ऑफ (सिग्नलने किमान गरजेपेक्षा व्यापलेली जादा बँडविड्थ) शून्य असेल तर ही रेघ नाहीशी होते. लहान असेल तर सरासरी लांब घ्यावी लागते.

आणि एकदाच मोजून थांबू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली तापलेल्या क्रिस्टलची (घड्याळाला ठोका देणाऱ्या स्फटिकाची) वारंवारता सरकते. सेकंदाला 10 लाख सिम्बॉल आणि 20 पीपीएम (दहा लाखांत 20) फरक असेल, तर दर सेकंदाला 20 सिम्बॉल घसरतात.