पट्टा घट्ट होता, मग गाडी पडली कशी?

प्रश्न : शर्यतीसाठी दोन मोटरसायकली बंद ट्रेलरमधून नेल्या. अंगात होता तेवढा जोर लावून पट्टे आवळले, साइड स्टँड लावलं, रंग जपायला कापडी कव्हरही घातलं. पोचल्यावर दार उघडलं तर एक गाडी दुसरीवर रेललेली, तिचा एक पट्टा खाली पडलेला, पुढच्या शॉकअपमधून ऑइल गळतंय. आत पेट्रोलचा वास कोंडलेला. चुकलं कुठे?

उत्तर : पट्टा पडला होता असं तुम्ही लिहिता, तुटला होता असं नाही. दोष तिथेच सापडतो. खड्ड्यात ट्रेलर आपटला की गाडी शॉकअपवर खाली बसते. तेवढ्या क्षणापुरता पट्टा सैल पडतो आणि उघड्या तोंडाचा हूक कडीतून निसटतो. गाडी परत वर येते तेव्हा तिला त्या बाजूने धरणारं काहीच नसतं. म्हणून तोंडाला खटका असलेलेच हूक घ्या.

दुसरा घोळ साइड स्टँडचा. स्टँडवर गाडी कलती राहते आणि पट्टे ओढले की सगळा भार त्या एका पायावर येतो. तो वाकतो, कधी फ्रेमला तो जिथे जोडलेला असतो ती जागाच फाटते. स्टँड वर घ्या, पुढचं चाक चॉकमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खाचेत, घट्ट बसवा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि सरळ उभी असतानाच बांधा.

आता पट्टे. पुढचे दोन खरं काम करतात. ते हँडलच्या टोकांना बांधू नका. मी एकदा बांधले होते. वाटेत हँडल क्लॅम्पमध्ये फिरलं आणि क्लच लिव्हरने ट्रेलरच्या भिंतीला भोक पाडलं. दोन्ही शॉकअप जिथे आवळलेले असतात त्या खालच्या टीभोवती मऊ फास घाला आणि तिथून पट्टे पुढे, खाली आणि बाहेरच्या बाजूला साधारण ४५ अंशांत ओढा. शॉकअप निम्म्याच्या आसपास दबलं की थांबा. तळाला टेकवलंत तर गचका जिरवायला जागाच उरत नाही, सगळा मार पट्ट्यांवर आणि कड्यांवर येतो. ऑइलचं खापर मात्र मी एकट्या पट्ट्यावर फोडणार नाही. सील आधीच कडक झालेलं असेल, तेही तपासा. मागचे दोन पट्टे शेपूट आडवी उडू नये एवढ्यापुरतेच.

पट्ट्यावर दोन आकडे असतात. मोठा आकडा तुटण्याचा, लहान वापरण्याचा. तो सहसा मोठ्याच्या एक तृतीयांश असतो. हिशेब लहान आकड्यावर करा. आणि कडी नुसत्या प्लायवूडला स्क्रूने बसवलेली असेल तर कितीही भारी पट्टा घ्या, फळीच्या तुकड्यासकट ती हातात येईल. खालच्या लोखंडी आडव्या दांड्यापर्यंत बोल्ट गेला पाहिजे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती तळाशी साचते. टाकी काठोकाठ भरू नका, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद करा, ट्रेलरला खालच्या बाजूला झरोके हवेत. दार उघडल्यावर जरा वेळ जाऊ द्या. आतला दिवा लावायची घाईसुद्धा नको, काडी पेटवायची तर गोष्टच सोडा.

जड गाडी ट्रेलरच्या चाकांच्या पुढे ठेवा. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या जोडणीवर यायला हवा. मागचा भाग जड झाला की ट्रेलर वेगात झोकांड्या खातो.

निघाल्यावर २०-३० किलोमीटरांवर थांबून दार उघडाच. तोवर पट्टे, टायर सगळं जागेवर बसतं आणि पुन्हा थोडं आवळावं लागतं. उघड्या ट्रेलरवर मागच्या आरशात निदान दिसतं तरी. बंद दाराआड काय चाललंय ते पोचल्यावरच कळतं, तुम्हाला कळलं तसं.

राहिलं कव्हर. ते हलत राहतं, त्यात अडकलेली धूळ रंगावर पॉलिश पेपरसारखी घासते. पोचल्यावर घाला.