मुलाला किराण्याच्या गाडीवर पाठवू का?

प्रश्न : माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. बारावी झाली, पुढं शिकायचं म्हणत नाही. बेळगावातल्या एका होलसेल दुकानदारानं त्याला पिकअपवर ड्रायव्हर म्हणून बोलावलंय. खेड्यापाड्यांतल्या दुकानांना किराणा पोचवायचं काम आहे. घरचे म्हणतात, ड्रायव्हर लाईन वाईट. दिवस कसा जातो, खरं सांगाल का?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, नमस्कार. बावीस वर्षं मी हेच काम करतोय. आधी टाटाची चारशेसात होती, आता पिकअप. बेळगावच्या रविवार पेठेत माल भरायचा आणि पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी करत कणकुंबीपर्यंत उतरवत जायचं. आठवड्यातून दोन दिवस शिनोळीवरून महाराष्ट्रातल्या चंदगडकडं.

घरच्यांना भीती गाडी चालवण्याची वाटते. पण दिवसभरात माझी गाडी चालते ती तीन-चार तास. बाकी वेळ ती कुणाच्या तरी दुकानापुढं उभी असते, आणि खरं काम तिथं असतं.

गाडी आदल्या संध्याकाळी भरतात. पोती हमाल चढवतात, पण मुलानं तिथून हलायचं नाही. शेवटच्या गावाचा माल सगळ्यात आधी, केबिनच्या बाजूला. मीठ साखरेच्या वर कधीच नाही. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि खालच्या पोत्यात उतरतं. कणकुंबीचे एक म्हातारे दुकानदार साखरेचं पोतं घेताना तळाच्या शिवणीवर अंगठा दाबून बघतात. अंगठ्याला चिकट लागलं की पोतं परत. पन्नास किलो पुन्हा गाडीत चढवायचं, आणि मालकाला जाब आपण द्यायचा.

मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं, आणि सही झाल्याशिवाय गाडीचा मागचा फाळका लावायचा नाही. मी नवीन असताना एका दुकानात गर्दी होती. "ठेव रे, नंतर बघतो," म्हणाले, मी ठेवून निघालो. संध्याकाळी फोन आला, तेलाचे दोन डबे कमी. माझ्या पगारातून कापले. चोर म्हणाले नाहीत, पण महिनाभर त्या दुकानात मान वर करून बघता आलं नाही. ते मला अजून लागतं. म्हणून मालकाला आधीच विचारून घ्या : माल कमी निघाला तर कुणाच्या अंगावर? आणि सोबत क्लीनर देणार का? एकट्यानं चालवायचं, उतरवायचं आणि दुकानदारांकडून पैशांची वसुलीही सांभाळायची म्हणजे मुलगा थकणार.

लायसन्सचं म्हणाल तर मालाच्या गाडीला वीस वर्षं पूर्ण लागतात, ती झालीत. एकूण वजन ७५०० किलोच्या आतली गाडी असेल तर साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर चालते, त्यावर मालाच्या गाडीचा वेगळा शेरा लागत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल आहे. शिनोळीकडं जायचं असेल तर आपण राज्य ओलांडतो. पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद लागतो. गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर बिलात त्या गाडीचा नंबर घालून घ्यायचा, मगच हलायचं. आणि कन्नड वाचायला शिकवा. बोलता आपल्याकडं बऱ्याच जणांना येतं, पण बैलहोंगलच्या लाईनवर टाकलं तर गावाचा बोर्ड आणि दुकानाचं नाव वाचता आलं पाहिजे.

वाटेत माणसं हात करतात. शाळेची पोरं, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या. "मामा, जांबोटीपर्यंत सोडा की." मालाच्या गाडीत माणूस बसवला आणि काही झालं, तर विम्याची भरपाई मिळणं मुश्कील. नाही म्हणताना आजही जीव तुटतो. म्हणून मी दुसरं करतो. एक आजी मला बीपीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी देतात. बेळगावातून तसलीच पट्टी घेतो आणि पुढच्या खेपेला त्यांच्या दारात देतो. आता दुकानदारही चिठ्ठ्या देतात. हे कुठल्या बिलात नाही, पण मला तेवढंच समाधान.

वाईट लाईन म्हणतात ती दारूमुळं आणि झोपेमुळं. दारूचं तुम्ही बघा. झोपेचं मी सांगतो : जुलैत कणकुंबीच्या बाजूला पाऊस आणि धुकं इतकं असतं की पुढच्या ट्रकचा लाल दिवा अगदी जवळ गेल्यावर दिसतो. रात्री अकराला मोबाईल बाजूला ठेवायची सवय नसेल, तर अजून गाडी हातात देऊ नका. आधी महिनाभर क्लीनर म्हणून जाऊ दे, तेही पावसाळ्यात. मोजायला शिकेल, रस्ता कळेल, दुकानदार ओळखतील.

डब्यात भाकरी, सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी द्या. आमटी नको, जांबोटीच्या पुढं वळणांत सांडते. जेवायला अडीच-तीन वाजतात, तेव्हा सकाळी पोटभर खाऊनच निघू दे.