लॉगिन केलं की पुन्हा लॉगिनच

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावर आमचा चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाइनसाठी जुना कॉम्प्युटर वापरतो : रॅम २ जीबी, डेबियन (लिनक्स), लॉगिनची स्क्रीन दाखवायला लाइटडीएम. लॉगिन झाल्यावर ओपनबॉक्स (खिडक्या सांभाळणारा हलका प्रोग्राम) आणि गिंप (चित्रं काढायचा प्रोग्राम) एवढंच उघडावं, स्क्रीन काळी पडू नये, म्हणून .एक्सइनिटआरसी फाइल लिहिली. काहीच फरक नाही. तिचं नाव .एक्ससेशन केलं, तर पासवर्ड टाकताच स्क्रीन लुकलुकते आणि पुन्हा लॉगिन समोर! काय चुकतंय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पहिल्या वेळी फाइल कोणी वाचलीच नाही. .एक्सइनिटआरसी फक्त स्टार्टएक्स या आज्ञेसाठी असते, म्हणजे टर्मिनलवरून हाताने डेस्कटॉप सुरू केला तरच. लाइटडीएममधून .एक्ससेशन वाचली जाते, तीही लॉगिन स्क्रीनवरच्या सेशनच्या (लॉगिननंतर काय सुरू करायचं त्याच्या) यादीत ‘डिफॉल्ट एक्ससेशन’ निवडलं तर. तिथे एक्सएफसीई हा डेस्कटॉप निवडलेला असेल तर तेच सुरू होतं.

आता लुकलुकण्याचं. ही फाइल म्हणजेच तुमचं सेशन. ती संपली की सेशन संपलं. बहुधा तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी & दिलं आहे. & मुळे प्रोग्राम मागे चालू राहतो आणि स्क्रिप्ट लगेच पुढची ओळ घेते. अशी ती क्षणात शेवटाला पोचते आणि एक्स सर्व्हर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) बंद होतो. उलट ओपनबॉक्सची ओळ & शिवाय मध्येच आली, तर तो बंद होईपर्यंत खालचं काही चालत नाही. म्हणून क्रम असा ठेवा (फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत, सगळी छोटी अक्षरं) :

एक्ससेट एस ऑफ
एक्ससेट -डीपीएमएस
गिंप &
एक्झेक ओपनबॉक्स-सेशन

पहिल्या दोन आज्ञा काम करून लगेच संपतात, त्यांना & नको. स्क्रीन काळी पडणं त्यांनीच थांबेल. ‘एक्झेक’मुळे शेल (ही फाइल चालवणारा प्रोग्राम) आपली जागा ओपनबॉक्सला देतं, रिकामं मेमरीत बसून राहत नाही.

सध्या अडकला असाल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, तिथे लॉगिन करा आणि फाइलचं नाव एमव्ही या आज्ञेने बदला. मग होम फोल्डरमधल्या .एक्ससेशन-एरर्स फाइलच्या शेवटच्या ओळी वाचा. चूक बहुतेक वेळा तिथेच लिहिलेली असते. फाइल विंडोजवर लिहून आणली असेल तर प्रत्येक ओळीच्या टोकाला एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि नाव बरोबर असूनही आज्ञा सापडत नाही. अशा फाइलवर एकदा डॉस-टू-युनिक्स (dos2unix) ही आज्ञा चालवा.

आणि उद्या वेलँडवर (एक्सच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर) चालणारा डेस्कटॉप घेतलात, तर .एक्ससेशन वाचली जाणार नाही. तेव्हा गिंपची .डेस्कटॉप फाइल होममधल्या .कॉन्फिग/ऑटोस्टार्ट फोल्डरमध्ये ठेवा.