हातापायांत ताकद आहे, मग तोल का जातो?

अर्धांगवायू म्हटले की वाकडे झालेले तोंड आणि लुळा पडलेला हात आपल्या डोळ्यांसमोर येतो. मात्र रक्तपुरवठा अडून येणाऱ्या झटक्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा मेंदूच्या मागच्या भागात येतो, आणि तेथे पुष्कळदा ताकद शाबूत राहून तोल तेवढा जातो. अशा रुग्णांना पुन्हा उभे राहायला आणि चालायला शिकवणे हे फिजिओथेरपिस्ट म्हणून माझे रोजचे काम आहे. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे असून साताऱ्याजवळच्या गावी राहतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या लहान मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. हातापायांत पूर्ण ताकद आहे, तरी ते पाय फाकवून, झोकांड्या खात चालतात. गावातले लोक ‘पिऊन आलेत’ म्हणतात, म्हणून त्यांनी बाहेर पडणेच सोडले आहे. ताकद असताना चालता का येत नाही? ते बरे होतील का?

उत्तर : लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या थोडा वर असतो. आकाराने तो संपूर्ण मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढाच असला, तरी मेंदूतील निम्म्याहून अधिक चेतापेशी त्याच्यात आहेत. हालचालीचा हुकूम मोठा मेंदू देतो. ती हालचाल ठरल्याप्रमाणे होते आहे की नाही हे क्षणाक्षणाला तपासून चूक दुरुस्त करण्याचे काम लहान मेंदूचे. चहाचा कप उचलताना हात कपापाशी नेमका थांबतो, पुढे जात नाही आणि अलीकडेही राहत नाही, ही त्याची करामत. ती दुरुस्ती बंद पडली की स्नायू धडधाकट असूनही पाऊल कधी लांब पडते, कधी जवळ, आणि शरीर आधारासाठी पाय रुंद टाकू लागते. लहान मेंदूची उजवी बाजू शरीराच्या उजव्याच बाजूचा कारभार पाहते, त्यामुळे वडिलांचा उजवा हात आणि उजवा पाय अधिक चुकत असणार.

गावकऱ्यांच्या बोलण्यामागे एक खरे कारण आहे, आणि ते त्यांना मोकळेपणाने सांगावे असे मला वाटते. दारू प्यायलेल्या माणसाची चाल बिघडते, ती दारूचा परिणाम लहान मेंदूवरही होतो म्हणून. वडिलांच्या बाबतीत त्याच जागेला इजा झाली आहे, इतकाच अर्थ. हातात काठी असली की बघणाराही समजून घेतो, आणि वडिलांना तसेही काठीची गरज आहे. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी जेथे येते, तेवढ्या उंचीवर काठीची मूठ असावी.

बरे होण्याविषयी सांगायचे तर या प्रकारच्या झटक्यात सुधारणा चांगली होते असाच माझा अनुभव आहे. पहिल्या तीन महिन्यांत ती वेगाने होते, पुढे गती मंदावते, पण सराव चालू असेल तर वर्षभर आणि त्यानंतरही फरक पडत राहतो. तुमचे दोन महिने झाले आहेत, म्हणजे हा घरात बसून घालवण्याचा काळ नाही. मालिश केल्याने बरे वाटते, हळुवार हाताने करायला हरकतही नाही, मात्र मालिशीने तोल शिकला जात नाही. चालणे चालूनच येते. सकाळी, गर्दी नसताना, अंगणात एका व्यक्तीला सोबत घेऊन दहा-दहा मिनिटे दोन-तीनदा चालायला लावा, आणि जवळच्या फिजिओथेरपिस्टकडून तोलाची मोजणी करून घ्या. आम्ही त्यासाठी बर्ग यांची पद्धत वापरतो. त्यात १४ कृतींना मिळून ५६ गुण असतात. दर महिन्याचे गुण लिहून ठेवले की सुधारणा रोजच्या नजरेला दिसत नसली तरी कागदावर दिसते, आणि खचलेल्या माणसाला तो कागद फार उपयोगी पडतो.

प्रश्न : मी ५१ वर्षांची, नाशिकची. झटक्याला पाच महिने झाले. मान वळवली की भोवंडते, म्हणून मी मान न हलवता सगळ्या शरीरानेच वळते. चक्करीची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. ती बंद केली तर चक्कर वाढेल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ताठ धरलेली मान. मान हलली की डोळे विरुद्ध दिशेला तेवढेच फिरतात आणि म्हणून समोरचे दृश्य स्थिर राहते. हे गणित सध्या चुकते आहे. ते सुधारण्यासाठी मेंदूला चूक जाणवावी लागते, आणि मान हललीच नाही तर चूक जाणवणार कशी? प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिनसारख्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत उलट्या आणि गरगरणे थांबवण्यासाठी आवश्यक असतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर त्या हा संदेशच दाबून टाकतात आणि जुळवून घेण्याची क्रिया रेंगाळते. दीर्घकाळ घेतल्यास प्रोक्लोरपेराझिनने हातापायांना कंप आणि ताठरपणाही येऊ शकतो. तुमची गोळी कोणती आहे ते पाहून ती कशी कमी करायची, हे मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. स्वतःहून एकदम बंद करू नका. रक्त पातळ ठेवणारी गोळी तर या हिशेबात मुळीच धरायची नाही. ती चालूच राहिली पाहिजे.

व्यायाम असा करा. घराच्या कोपऱ्यात, दोन भिंतींकडे पाठ करून खुर्चीवर बसा. समोर हातभर अंतरावर दिनदर्शिकेतला एखादा मोठा आकडा डोळ्यांच्या रेषेत येईल असा लावा. त्याच्यावर नजर खिळवून ‘नाही, नाही’ म्हणताना हलवतो तशी मान थोडीशी डावी-उजवीकडे हलवा. वेग इतकाच ठेवा की आकडा पुसट होणार नाही. सुरुवातीला अर्धा मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. थोडे भोवंडेल, भोवंडणे अपेक्षितच आहे आणि ते काही मिनिटांत ओसरले म्हणजे मात्रा बरोबर आहे. पंधरा-वीस मिनिटे टिकले तर दुसऱ्या वेळी वेग कमी करा. आठवड्याभराने ‘होय, होय’ची वर-खाली हालचाल त्यात घाला, मग हेच उभ्याने, त्याच कोपऱ्यात, समोर खुर्चीची पाठ ठेवून. पुढची पायरी स्वयंपाकघरात: ओट्याला बोटे टेकवून कडेकडेने आडवे चालत जायचे आणि चालता चालता मान वळवून मांडणीवरचे डबे वाचायचे. माझ्याकडच्या एका बाई हळद, धने, बडीशेप असे मोठ्याने म्हणत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात असत, आणि सहा आठवड्यांनी त्या भाजी बाजारात एकट्या गेल्या.

प्रश्न : कोल्हापूरला माझ्या आईला झटका आला, त्यात ‘वॉलनबर्ग’ असे निदान झाले. तिला पाणी पिताना ठसका लागतो, आणि परवा अंघोळीच्या गरम पाण्याने डाव्या मांडीला फोड आले तरी तिला कळले नाही. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर : आहे. हा झटका मेंदूच्या देठात, मानेच्या बाजूने वर येणाऱ्या रक्तवाहिनीच्या हद्दीत येतो. वॉलनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. त्या लहानशा जागेतून गिळण्याच्या नसा, तोलाचे मार्ग आणि वेदना व उष्णता वाहून नेणारे तंतू दाटीवाटीने जातात. चेहऱ्याच्या एका बाजूची आणि शरीराच्या उलट बाजूची गरम-थंडाची जाणीव त्यामुळे जाते. स्पर्श मात्र कळतो, म्हणून घरच्यांच्या ते लक्षात येत नाही. आईचे पाणी यापुढे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी कोपराने तपासून द्यावे, आणि डाव्या बाजूला शेक किंवा गरम पाण्याची पिशवी लावू नये.

ठसक्याकडे दुर्लक्ष करू नका. पाण्यासारखा पातळ पदार्थ घशातून वेगाने उतरतो आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती अधिक असते. त्यातून न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी वाक्-उपचारतज्ज्ञ करतात, ती करून घ्या. तोपर्यंत आईला ताठ बसवूनच भरवा, छोटे घोट द्या, बोलता बोलता जेवू देऊ नका, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका. जेवणानंतर आवाज घोगरा किंवा ओलसर वाटला, किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आम्ही ठाण्याला राहतो. बाबा दिवसा बरे चालतात, पण रात्री लघवीला उठताना दोनदा पडले. आता मी त्यांचा दंड घट्ट धरल्याशिवाय त्यांना कुठेही जाऊ देत नाही. आणखी काय करावे?

उत्तर : तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून बातमी घेते: डोळे, आतला कान आणि तळपाय. रात्री अंधारात डोळे गेले, पायाखाली मऊ पायपुसणे आले की तळपायाची बातमीही गेली, आणि उरलेली बातमी जुळवणारा लहान मेंदू आधीच दुखावलेला. म्हणून दिवसा चालणारा माणूस रात्री पडतो. पलंगापासून संडासापर्यंत पायाच्या पातळीवर मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. सैल पायपुसणी काढून टाका, उंबऱ्यावर उठून दिसणारी रंगीत पट्टी चिकटवा, आणि कमोडच्या बाजूला व न्हाणीघरात भिंतीत पक्के बसवलेले दांडे लावा. टॉवेलची दांडी माणसाचा भार घेत नाही. रबरी स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल द्या. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम उठल्यावर दाब उतरू शकतो, तेव्हा पलंगाच्या काठावर पाय खाली सोडून मिनिटभर बसून मगच उठायचे, हा नियम करा.

आता दंड धरण्याविषयी. तुमची भीती मला कळते, पण मला याविषयी आग्रहाने लिहायचे आहे. घट्ट धरलेल्या माणसाचा तोल धरणारा सांभाळतो, धरलेला नाही. थोडे डोलणे आणि स्वतः सावरणे यातूनच मेंदू शिकतो, आणि ती संधी आपण प्रेमापोटी काढून घेतो. त्याऐवजी कमरेला रुंद पट्टा किंवा पंचा नीट आवळून बांधा, आणि ज्या बाजूला ते झुकतात त्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहून चाला. एक हात पट्ट्यामागे सैल ठेवा. गेलाच तोल तर तेथे पकडायचे. त्यांना भिंतीला नुसती बोटे टेकवत चालायला सांगा. बोटांच्या हलक्या स्पर्शानेही डोलणे कमी होते, कारण मेंदूला शरीर कोठे आहे याची एक बातमी जास्त मिळते. रात्री मात्र शिकवणी नको. तेव्हा सरळ आधार द्या.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा, पिंपरीचा. सलूनमध्ये मान मोडून घेतली, दोन दिवस मान दुखली आणि मग झटका आला. तोल आता जवळपास पूर्ववत आहे. स्कूटर कधी चालवू?

उत्तर : मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे आतले अस्तर झटक्याने फाटले, तर तेथे गुठळी होऊन ती लहान मेंदूकडे जाऊ शकते. तरुण वयातल्या झटक्यांचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. मान मोडून घेणाऱ्या बहुतेकांना काही होत नाही हे खरे, परंतु ज्या गोष्टीचा काडीचा फायदा नाही तिच्यासाठी एवढा धोका घेऊ नये, आणि तुम्ही तर कधीच नाही. शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासनही डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत बंद ठेवा.

स्कूटरवर सर्वांत अवघड वेळ वेगाची नसते. सिग्नलला हळू होऊन एक पाय टेकवण्याची असते. एका पायावर दहा सेकंद स्थिर उभे राहता येणे, चालता चालता मान वळवून मागे पाहिल्यावर पाऊल न भरकटणे, आणि एकाचे दोन दिसत नसणे, या तीन गोष्टी दोन्ही बाजूंना जमल्याशिवाय विचारही करू नका. जमल्यावर मेंदूविकारतज्ज्ञांची संमती घ्या आणि मोकळ्या मैदानात सुरुवात करा.

प्रश्न : माझे पती चालू लागले आहेत, पण स्वभाव बदलला आहे. बँकेची कामे त्यांच्याच्याने होत नाहीत, चिडतात, मधेच रडतात. हे झटक्यामुळे की मनाने घेतले? आणि दुसऱ्यांदा असे झाले तर ओळखायचे कसे? पहिल्या वेळी ‘पित्त आहे’ म्हणून आमचे दोन दिवस गेले.

उत्तर : लहान मेंदू फक्त हालचाल पाहतो असे आम्हीही पूर्वी शिकलो. श्माहमान आणि शेरमन या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की त्याला इजा झाल्यास कामाची आखणी करणे, शब्द पटकन आठवणे आणि भावना आवरणे हेही बिघडू शकते. त्यामुळे तो हट्ट किंवा आळस समजू नका. एका वेळी एकच काम, तेही सकाळी ताजेतवाने असताना, आणि पायऱ्या कागदावर लिहून द्या. झटक्यानंतरचे नैराश्य वेगळे असते व औषधाने बरे होते, म्हणून डॉक्टरांना रडण्याविषयी आवर्जून सांगा.

तुमचे दोन दिवस गेले याचे मला वाईट वाटते. मागच्या मेंदूच्या झटक्याची लक्षणे पित्तासारखी भासतात, आणि सीटी स्कॅनमध्ये तो सुरुवातीला दिसत नाही असेही होते. कानाच्या एका साध्या विकारात कूस बदलली की मिनिटभर गरगरते आणि थांबते. अचानक सुरू होऊन थांबतच नाही अशी चक्कर, आधाराशिवाय बसता किंवा उभे राहता न येणे, एकाचे दोन दिसणे, जीभ अडखळणे, गिळता न येणे, किंवा पूर्वी कधी नव्हते असे डोके वा मान दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करून सीटी, एमआरआय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तो हिशेब रुग्ण शेवटचा ठीक दिसला त्या वेळेपासून धरतात. तेव्हा ती वेळ लिहून घ्या आणि चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका, आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणीसुद्धा पाजू नका.